बर्नार्डकाकांची वाक्यं

हेलनचा फोन आला तेव्हा मी किचनर शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडीला विंटर टायर लावून घेत होतो. "डॅड गेले," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कसे?" दुसऱ्या कुणाच्या मुलीला असं विचारणं शोभलं नसतं. पण बर्नार्डकाका रंगमंचावर आणि पडद्यावर मिळून इतक्या तऱ्हांनी मेले होते, की ही चौकशी घरातलीच होती. विषाने, तलवारीने, बुडत्या पाणबुडीत, एकदा तर अस्वलाच्या हातून… हेलन रडता रडता हसली. "झोपेत गेले. अगदीच साधं. त्यांना आवडलं नसतं." या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

काका मूळचे इंग्लंडचे. तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर कॅनडात आले, इथल्याच मुलीच्या प्रेमात पडले, कंपनी परत गेली आणि हे राहिले. मी नागपूरहून शिकायला आलो तो थेट त्यांच्या बेसमेंटमध्ये. मी त्यांना नुसतं 'बर्नार्ड' म्हणतो हे व्हिडिओ कॉलवर ऐकून आई हादरली. "अरे बापा, आजोबाच्या वयाचा माणूस तो! काका म्हण." तेव्हापासून ते बर्नार्डकाका. न्यायाधीश, बिशप, खुनी, खुनाचा तपास करणारा, लहान मुलांच्या कार्टूनमधल्या मूस हरणाचा आवाज, सगळं त्यांनी केलं होतं. टोरोंटोच्या शूटिंगमध्ये ते नेहमी न्यूयॉर्कचे म्हातारे असत, कारण टोरोंटोसुद्धा पडद्यावर न्यूयॉर्कच असायचं. परिणाम असा, की त्यांचा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, पण कुठला ते कुणालाच आठवायचं नाही. एकदा ग्रोसरीच्या दुकानात एका बाईंनी विचारलं, "तुम्ही आमचे डेंटिस्ट ना?" काका गंभीरपणे म्हणाले, "हो. आणि तुम्ही अजून फ्लॉस करत नाही." बाई इतक्या ओशाळल्या, की हातातली चॉकलेटं त्यांनी परत रॅकवर ठेवली.

नवीन काम मिळालं की संध्याकाळी ते संहिता घेऊन बेसमेंटमध्ये उतरायचे. त्यांचं सगळं पाठ, समोरच्या पात्रांची वाक्यं मी वाचायची. अशा रीतीने मी तीन राण्या, एक विधवा घरमालकीण आणि एक दुष्ट नर्स झालो. माझं इंग्रजी त्याच साच्यात घडलं. सॉफ्टवेअर टेस्टरच्या पहिल्या इंटरव्ह्यूत मॅनेजरबाईंनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "मॅडम, आपण माझ्या सहनशीलतेचा अंत पाहता आहात." तरी नोकरी मिळाली. राण्यांचा पायगुण असावा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या इथल्या छोट्या थिएटरने त्यांना एका निवृत्त न्यायाधीशाची मुख्य भूमिका दिली. बऱ्याच वर्षांनी एवढं मोठं काम आलं होतं. आणि एका संध्याकाळी त्यांना एक वाक्य आठवेना. मग दुसरं. मग पानच्या पान… त्यांनी संहिता मिटली. "कुणाला सांगू नकोस. कळलं तर उद्या दुसरा माणूस घेतील. मला हे एवढं एक करू दे." त्यांना विनवणी करताना मी पडद्यावर पुष्कळदा पाहिलं होतं, हे तसं नव्हतं. मला भीती वाटली.

मी म्हटलं, आमच्याकडे नाटकात विंगेत प्रॉम्प्टर असतो. "इथे नसतो, आणि असला तरी मला तेवढं ऐकू येत नाही," काका म्हणाले. दोन दिवस ते संहिता चाळत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तरुण दिग्दर्शिकेला गळ घातली, की अशा न्यायाधीशाच्या घरी एक मुका नोकर हवाच, आणि तसा माणूस आपल्या बेसमेंटमध्ये आहे. एक शब्दही बोलायचा नाही म्हटल्यावर तिनेही मान डोलावली. बेत साधा होता. वाक्य अडलं की काकांनी टेबलावरची घंटी वाजवायची, मी चहा घेऊन आत जायचं, कप ठेवताना वाकायचं आणि कानात वाक्य सांगायचं. आणलेला चहा मात्र त्यांना प्यावा लागे. पहिल्या प्रयोगात घंटी नऊ वेळा वाजली. मध्यंतरात काका वॉशरूमकडे ज्या वेगाने गेले, तसे ते कुठल्या लढाईच्या प्रसंगातही धावले नसतील.

गावातल्या पेपरात छापून आलं, की मालकाची सगळी गुपितं ठाऊक असलेला तो नोकर अंगावर काटा आणतो. आईने ते कात्रण अख्ख्या नागपूरला पाठवलं आणि मला विचारलं, "पण तुला बोलायला काहून नाही दिलं त्यांनी?"

शेवटचा प्रयोग रविवारी दुपारी होता. शेवटच्या मोठ्या भाषणाच्या तोंडाशी घंटी वाजली. मी धावत गेलो, वाकलो, तर काका पुटपुटले, "आठवतंय सगळं. तू फक्त इथे उभा राहा." मग त्यांनी ते भाषण एकही शब्द न चुकता म्हटलं. मी ट्रे धरून शेजारी उभा होतो आणि नोकराने रडायचं नसतं हे मला काही जमलं नाही.

पुढे ते केअर होममध्ये गेले. आधी चेहरे गेले, मग नावं. मी दर शनिवारी जायचो आणि दर शनिवारी त्यांना नवा असायचो. शेवटच्या भेटीत मी लाउंजमधून त्यांना चहा आणून दिला. ते शेजारच्या आजोबांना रंगून सांगत होते, "मी एकदा एका नोकराबरोबर काम केलंय. फार मोठा नट. त्याला एकही वाक्य नव्हतं… माझी सगळी त्याच्याकडे होती."

"नाव काय त्याचं?" आजोबांनी विचारलं.

काकांनी तोंड उघडलं आणि ते अडले. ओठ हलले, आवाज येईना. नजर दाराकडे गेली, जणू तिथून कुणीतरी यायचं होतं. मी कप ठेवायला वाकलो आणि त्यांच्या कानात सांगितलं. इथे सगळ्यांनी ज्याचा 'चक' करून टाकलाय ते माझं नाव, चक्रधर वामनराव ठोंबरे, बर्नार्डकाकांनी ताठ बसून, एकही अक्षर न गाळता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हटलं.