राणी मरायलाच हवी

पाणीपुरवठा कार्यालयात नळांचे आराखडे काढणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे दीडशहाणा म्हणत, आणि तेही कमीच म्हणत.

सात खंडांची एक कादंबरी गाजली होती. बेटं, राणी, चाचे, सगळा मसाला. लोकांनी वाचली आणि आपापल्या कामाला लागले. हा पठ्ठ्या तिचा खेळ करायला बसला. टेबलाभोवती जमायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि कुणाला काय जमलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. साधी गोष्ट. पण साधं याला कधी मानवलंय? अकरा वर्षं घातली. कुठल्या बेटावर भरती कधी, चाच्यांच्या जहाजाला खिळे किती, सगळ्याचे तक्ते. दुसऱ्या कुणी असा खेळ काढला की नाक मुरडून म्हणायचा, "त्यांनी पुस्तक नुसतं चाळलंय." नाकाने कांदे सोलावेत ते यानेच.

शेवटी खेळ छापणाऱ्या एका कंपनीने बाई पाठवली. अट एकच. तिच्यासमोर तिघांनी खेळायचं आणि तिघांनीही 'पुन्हा खेळू' म्हणायचं. एकाने जरी नाही म्हटलं, तर अकरा वर्षं रद्दीत. तिघं म्हणजे मेहुणा, शेजारची नर्स आणि चौदा वर्षांची लेक. लेकीने सातही खंड दोनदा वाचलेले, त्यामुळे तिचा याला घोर नव्हता.

दोन तास बरे गेले. मग तिसऱ्या खंडातला पूल आला. पुस्तकात राणी तिथे बाण लागून मरते. लेक म्हणाली, "मी तिच्यापुढे ढाल धरते." फासा टाकला. वीस. त्याहून मोठं दान त्या फाशात नाहीच. नर्सने टाळी वाजवली. कंपनीची बाईसुद्धा खुर्ची ओढून पुढे सरकली.

आता काय करायचं ते गाढवालाही कळलं असतं. हा म्हणाला, "बाण ढालीवरून घसरला आणि राणीला लागला. राणी मेली."

"अहो दाजी, वीस पडलेत," मेहुणा म्हणाला.

"पडू देत. ती जगली तर पुढचे चार खंड कुठे नेऊ?"

"मग मला फासा कशाला टाकायला लावलास, बाबा?" लेकीने विचारलं.

"तेवढी रंगत लागते."

रंगत म्हणे! पुढे मेहुण्याने गद्दार प्रधानाला विहिरीत ढकललं, तर प्रधान वर आला, कारण पाचव्या खंडात त्याचं लग्न होतं. नर्स घड्याळ बघू लागली.

बाईने कागद काढून एकेकाला विचारलं. मेहुणा 'खेळू' म्हणाला. बहिणीच्या घरी बसून दुसरं काय म्हणणार बिचारा? शेजारधर्म म्हणून नर्सही 'खेळू' म्हणाली. लेकीला रडू येत होतं, पण ती स्पष्ट बोलली. "नाही. मी पुस्तकच वाचेन. त्यातही राणी मरते, पण तिला वाचवतेस का, असं आधी मला कुणी विचारत नाही."

बाईने ते लिहून घेतलं.

याने लेकीकडे बघितलंही नाही. "हिने नीट वाचलेलं नाहीये," तो बाईला म्हणाला, "हिच्या जागी दुसरं कुणीतरी बसवतो."

लेक उठून आत गेली. बाई दारात चपला घालत होती, तरी हा तिला विचारतच होता, पुन्हा कधी येता म्हणून.