दक्षिणेची खिडकी

संजीवनी कऱ्हाटी गावच्या मेंढपाळाची पोर. शिकून आर्किटेक्ट झाली आणि बारामती-इंदापूरच्या पट्ट्यातल्या एका पालिकेत लागली. वाटलं होतं, शाळा बांधू, वाचनालयं बांधू. बांधल्या काय, तर कमानी! ज्याला त्याला आपल्या वडिलांच्या नावाची कमान हवी. ती चिडायची, घरी येऊन भांडी आपटायची, पण ऑफिसात मधला मार्ग काढायची. कमानीच्या पायाशी म्हाताऱ्यांना टेकायला कट्टा तरी करायची. मॅडम लई समजूतदार, असं जो तो म्हणायचा.

मग बाळंतपणाच्या दवाखान्याचं काम आलं. रस्ता दक्षिणेला, म्हणून तिनं दार दक्षिणेला काढलं. अँब्युलन्स थेट दाराशी लागावी. नगराध्यक्ष दादासाहेबांनी नकाशा बघितला आणि दक्षिण म्हणजे यमाची दिशा, दार पूर्वेला घ्या म्हणाले. पूर्वेला काय होतं? पाटाची चारी आणि हातगाडी अडकेल एवढा बोळ. तिनं पोटतिडकीनं सांगून पाहिलं, पण ऐकतंय कोण! काम अडलं. शेवटी तिनं पुन्हा मार्ग काढलाच. दार पूर्वेला, आणि दक्षिणेला जमिनीपर्यंत मोठी खिडकी, स्ट्रेचर आत जाईल एवढी. खिडकीला दादासाहेबांची हरकत नव्हती. उद्घाटनाला त्यांनी तिच्या अंगावर शालसुद्धा घातली.

पुढच्याच अमावास्येला, यमाची दिशा उघडी नको म्हणून, दादासाहेबांच्या हुकमावरून शिपायानं त्या खिडकीला कुलूप घातलं आणि निघून गेला. भर दुपारी लासुर्णे गावची छकुली नावाची बाई अडलेली आली. अँब्युलन्स रस्त्यावर, खिडकी बंद. चादरीच्या झोळीत घालून तिला बोळातून न्यायला लागले, आणि ती चारीच्या कडेला, उन्हात, बाळंत झाली. मायलेकरं वाचली, नशीब.

ऐकलं आणि संजीवनीचं मस्तक फिरलं. दवाखान्याचं दार लावायची कुणाची छाती झाली नसती. खिडकी काय, कुणीही यावं आणि लावावी! दादासाहेबांचा राग आलाच, पण त्याहून जास्त आला तो स्वतःच्या मेल्या समजूतदारपणाचा.

तिनं झुंबर गवंड्याला बोलावलं आणि खिडकीच्या झडपा काढायला सांगितल्या. वरनं हुकूम हाय का, असं त्यानं भीत भीत विचारलं. हुकूम मीच देतेय, म्हणाली. झडपा टेम्पोत घातल्या आणि भरल्या केबिनमध्ये दादासाहेबांच्या टेबलाला टेकवून ठेवल्या.

"ह्या तुमच्याकडं ठेवा. तितं आता दार हाय. बंद करायचं असलं तर माझ्यासमोर येऊन करा."

"नोकरी जाईल, मॅडम. जरा समजून घ्या."

"समजूनच घेत आले आजवर. एक बाई उघड्यावर बाळंत झाली."

निलंबनाचा कागद घेऊन शिपाई तिला शोधत आला, तेव्हा ती दवाखान्यापुढं उभी होती. सही नंतर करते म्हणाली, आणि त्याला हात धरून बाजूला केलं. मागून अँब्युलन्स येत होती.