बाच्या हातचं सूत

टकळी या वस्तूचा मला आजही राग येतो. कुणाच्या घरी शोभेसाठी काचेच्या कपाटात ठेवलेली दिसली, तरी माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

मी चौथीत होते, अमडापूरजवळच्या आमच्या गावात. महाराष्ट्र नुकताच झाला होता. शाळेत रोज एक तास सूतकताईचा असायचा. टकळी म्हणजे खाली चकती असलेली काडी; ती गरगर फिरवायची आणि कापसाच्या पेळूतून धागा ओढायचा. यानं म्हणे मुलांचा सर्वांगीण विकास होतो, मन शांत होतं. माझा धागा तासाला वीस वेळा तुटायचा आणि मन शांत होण्याऐवजी पेटायचं. घरी कापूस वेचा, शाळेत कापूस काता! वाचनात मी वर्गात सगळ्यांच्या पुढे होते, पण त्याचं कुणाला काय? वार्षिक परीक्षेला स्वतः कातलेल्या सुताची गुंडी द्यावी लागे, आणि त्यात नापास तो वर्गात नापास. असला नियम कोणाच्या डोक्यातून निघाला, देव जाणे.

त्यात बानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधीच सांगून ठेवलं होतं, "नापास झाली का शाळा बंद. मंग चाल वांग्याच्या वावरात." आमचा भाजीचा मळा होता आणि कामाला हात कमी. बा स्वतः शाळेची पायरी कधी चढलेला नव्हता.

परीक्षेला महिना उरला, तरी माझी गुंडी चिमणीच्या घरट्यासारखी. एका संध्याकाळी मी ओट्यावर रडत बसले होते. बैलांना पाणी पाजून बा आला. "आण इकडं," म्हणाला. "दोर वळणाऱ्या हाताले हे काय जड हाय?" खरंच जड नव्हतं. चार-सहा वेळा धागा तुटला, आणि मग त्या राकट बोटांतून केसासारखं सूत निघायला लागलं. मला इतका संताप आला, की मी जेवले नाही.

बाला तर वेडच लागलं. बाजारात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या मांडून हा टकळी फिरवत बसे. गिऱ्हाइकानं भाव विचारला की म्हणे, "थांबा ना भाऊ, धागा तुटंन." गिऱ्हाईक कशाला थांबतंय! परीक्षेच्या दिवशी त्यानं आपली गुंडी माझ्या पिशवीत टाकली. "हे दे. कोणाले काय समजते?" मी दिली. लाज वाटली का? खोटं कशाला बोलू, नाही वाटली. सुटले एकदाची, एवढंच वाटलं.

सुटले कसली! गुरुजी इतके खूश झाले, की त्यांनी ती गुंडी साऱ्या वर्गाला दाखवली, 'उत्तम' लिहिलेली चिठ्ठी तिला बांधली आणि बाला शाळेत बोलावलं. बा धुतलेलं धोतर नेसून आला. दारात वहाणा काढून, हात जोडून उभा राहिला.

"तुमच्या पोरीच्या हातात कला आहे," गुरुजी म्हणाले. "असं सूत मी या शाळेत पाहिलं नाही. हे बघा, उत्तम लिहिलंय."

बा त्या चिठ्ठीकडे बघतच राहिला. मी मागून त्याचा सदरा ओढला. काही उपयोग झाला नाही.

"गुरुजी, हे सूत माह्यं हाय," तो म्हणाला. "म्या कातलं."

सगळ्या वर्गासमोर! आणि वर हसत होता, नवरदेवासारखा. गुरुजींचा चेहरा उतरला. नियम तो नियम. बाकी सगळ्या विषयांत पास, सुतात नापास, म्हणजे नापास. मी उन्हाळाभर बाशी धड बोलले नाही. त्याला त्याचं काहीच नाही. चिठ्ठी त्यानं मागून घेतली होती; ती तो आल्यागेल्याला दाखवायचा, आणि वाचायला मलाच हाक मारायचा. मी दातओठ खात वाचायची, "उत्तम."

जूनमध्ये शाळा भरली, त्या सकाळी मी वावरात वांग्याच्या रोपांतलं गवत काढत होते. बा बांधावरून ओरडला, "इथं काय करून राह्यली वं? शाळा भरली ना!"

"नापास झाली ना मी. तूच त म्हणे, शाळा बंद."

तो बांधावरून उतरून माझ्याजवळ आला. मग म्हणाला, "तू कुठं नापास झाली? म्या केलं तुले नापास. मले राहावलंच नाही. धू हात, चाल."

आणि मला शाळेपर्यंत पोचवून आला.

मी परत चौथीत बसले, परत ती टकळी. या खेपेला बानं तिला हात लावला नाही. संध्याकाळी मी ओट्यावर कातायला बसले, की तो समोर बसून नुसता बघायचा. त्याची बोटं मात्र मांडीवर आपोआप फिरत असायची. मला ती दिसायची. पण माझा राग गेला नव्हता, आणि "घे, कात," एवढं म्हणायला माझी जीभ वर्षभर रेटली नाही.