याडीची साखळी

स्लॅबच्या दिवशी याडी आधी घमेली पुढे देणाऱ्या माणसांच्या सगळ्या साखळीतून एक चक्कर मारायची. दोन सख्खे भाऊ शेजारी दिसले, की एकाचा दंड धरून त्याला चार माणसं पलीकडे नेऊन उभं करायची. "आपल्या मानसापाशी मानूस गोष्टी करते," ती म्हणायची, "परक्यापाशी ध्यान ठेवते."

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई. दारव्ह्याकडच्या तांड्यातली ही बाई आमच्या साइटवर मुकादम होती आणि मी सुपरवायझर. कागदावर मी तिचा वरचा. साइटवर काय होतं, ते विचारू नका.

बांधकामावर एकाच गावची टोळी तुम्ही पाहिली असेल. याडीच्या हाताखाली मात्र तांड्यातल्या बाया, पोडावरचे, म्हणजे आपल्या पाड्यावरचे कोलाम आदिवासी, लोखंड वाकवणारी बिहारची पोरं आणि पुसदचा सेंट्रिंगवाला चाचा, असा सगळा मेळ होता. मेळ म्हणायचा एवढंच. जेवायला प्रत्येकाचं झाड वेगळं, पाण्याची कॅन वेगळी. चाचा बिहारी पोरांवर चिडायचा, ती पोरं त्याला हसायची आणि कोलाम कुणाशीच बोलायचे नाहीत.

लोहाऱ्याजवळ मुलींच्या वसतिगृहाचं काम होतं. ठेकेदारानं टोळीगणिक कॉलम वाटून दिले. मग काय, चढाओढ लागली. एका टोळीनं माल ठासायचं मशीन दाबून ठेवलं, दुसरीनं मशीनशिवायच कॉलम भरला. फळ्या काढल्या तर आत नुसती भोकं. कॉलम तोडावा लागला. स्लॅबही बिघडला तर सगळ्यांना घरी पाठवून नागपूरची एकच टोळी आणतो, असं ठेकेदारानं बजावलं. कापूस वेचणीला अजून अवकाश होता, शेतात मजुरी नव्हती. याडीनं एकच अट घातली: स्लॅबला माणसं ती सांगेल तशीच उभी राहतील.

अर्धा स्लॅब ओतून झाला आणि माल वर नेणारी लिफ्ट बंद पडली. अशा वेळी थांबलं की मधे जोड राहतो आणि जन्मभर तिथूनच गळतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. याडीनं पदर खोचला आणि खालपासून वरपर्यंत परांचीवर साखळी लावली. बिहारी पोराशेजारी तांड्यातली बाई, तिच्याशेजारी कोलाम. चाचा कुरकुरला, मिस्त्री घमेलं उचलत नसतो म्हणाला.

"आज कोनी मिस्त्री नाई, चाचा," याडी म्हणाली. "हात पुढे कर."

चाचानं हात पुढे केला.

शेजाऱ्याची भाषा धड कुणालाच येत नव्हती, त्यामुळे जो तो दुसऱ्याच्या हातांकडे बघत होता. घमेली अशी सरसर वर चढली, की लिफ्टनं लाजावं. ज्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तो म्हातारा कोलाम गाऊ लागला आणि बिहारी पोरं त्याच्या ठेक्यावर डोलायला लागली. दिवस बुडायच्या आत शेवटचा कोपरा भरला. मी सुपरवायझरपण विसरून चक्क नाचलो.

याडीचे गुडघे आता परांची चढू देत नाहीत. ती तांड्यावरच असते आणि तिच्यावाचून मला साइटवर करमत नाही. डोळ्यांपुढे येते ती सेंट्रिंग खोललं त्या दिवशीची याडी. टेकूची शेवटची बल्ली निघाली तेव्हा ती मुद्दाम स्लॅबच्या मधोमध, खाली उभी होती. वर एक चीर नाही, एक भोक नाही. ठेकेदार खूश झाला. पुढची इमारतही तुझीच, पण यातली सगळ्यात चांगली टोळी कोणती ते सांग, तेवढीच ठेवू, असं तो म्हणाला.

याडीनं वर बोट दाखवलं.

"यातलं कोन्तं घमेलं कोनाचं, थे दाखवा साहेब. बाकीचे काढून घ्या."

ठेकेदारानं वहीत सगळ्यांचीच नावं घातली. पुढच्या इमारतीचा पाया खणायला आम्ही सगळेच्या सगळे गेलो.