परसातला लाल उजेड

दिंद्रुडच्या एका दूध सोसायटीत मी बरीच वर्षं दूध तपासायचं काम केलं. कॅन आला की ढवळायचा, नमुना घ्यायचा, फॅट काढायची, लॅक्टोमीटर बुडवून बघायचा आणि पाणी निघालं तर कॅन परत द्यायचा. कॅन परत दिला की माणूस वाद घालत नसे. नुसता बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटला तर नजर चुकवायचा. गावात माझ्याशी मोकळेपणी बोलणारी माणसं कमीच होती. मला त्याचं फार वाटत नसे, कारण पहाटेचा वेळ माझा होता.

मला आकाशाचे फोटो काढायचा नाद होता. माजलगावच्या एका फोटो स्टुडिओवाल्याने लग्नांसाठी नवा कॅमेरा घेतला, तेव्हा त्याचा जुना मी घेतला. नुसता कॅमेरा वर करून बराच वेळ उघडा ठेवला तर ताऱ्यांचे ठिपके न उमटता रेघा उमटतात, कारण आकाश सरकत असतं. म्हणून मी सुताराकडून दोन फळ्या दाराच्या बिजागरीने जोडून घेतल्या. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा आणि खालचा लांब बोल्ट घड्याळाकडे बघत हळूहळू फिरवायचा. म्हणजे कॅमेराही आकाशाबरोबर सरकतो. घड्याळ दिसायला बॅटरी लागते, आणि पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात, म्हणून बॅटरीवर गणपतीच्या आराशीतला लाल जिलेटिन कागद बांधलेला असायचा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघताना मी डोक्यावरून काळं कापड घ्यायची.

त्या साली पाऊस आलाच नव्हता. जनावरं चारा छावणीवर गेली, सोसायटीत येणारं दूध निम्म्याच्याही खाली आलं. पण आकाश मात्र असं स्वच्छ मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यात पहाटेचं लोडशेडिंग. गावातला एकही दिवा चालू नसायचा. माघात पहाटे वृश्चिक वर यायचा, त्याच्या शेपटीपाशी आकाशगंगा इतकी दाट दिसायची की मला दूध ढवळल्यावर कॅनच्या कडेला राहतो तो फेस आठवायचा. दूध यायच्या आधी मी परसात दोन-तीन फोटो काढून घ्यायची. आई आत झोपलेली असायची.

आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा हौद होता. शेजारी म्हणजे सोसायटीचे एक संचालक. मी त्यांना काका म्हणायची, त्यांच्या बायकोला काकी. हौद भिंतीला लागून, जमिनीत अर्धा खोल, वर लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप. त्यांच्याकडे टँकर संध्याकाळी यायचा. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या टँकरचे ड्रम. त्या वर्षी गावात पाण्याला कुलूप लावण्यात कुणालाच काही वाटेनासं झालं होतं.

एका सकाळी काका सोसायटीत आले ते दूध घेऊन नाही. माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"पहाटं परसात लाल उजेड कशाचा असतो, पोरी?"

"काका, फोटो काढते. ताऱ्यांचे."

"रोज?"

"चांदणं नसतं तेव्हा."

"चांदणं नसताना कावून?"

मी सांगायला लागले की चंद्र असला की बारीक तारे बुडतात. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं नाही. म्हणाले, "आमच्या हौदातलं पाणी कमी व्हायलंय. संध्याकाळी भरून ठिवलं, सकाळी हातभर खाली. झाकणाच्या फटीतून पाइप घातला की झालं, कुलपाला विचारतो कोण." आणि गेले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. त्या वेळी जागं असणारं आळीत दुसरं होतं कोण?

मी हे आईला सांगितलं, ही चूकच झाली असं आधी वाटलं. आई चुलीपुढून उठली आणि तिने दार लावून घेतलं. आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे. पाण्याची गोष्ट निघाली की आमच्याकडे आवाज खाली येतो. माझ्या आईची आई विहिरीपासून लांब, घागर पुढे ठेवून उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर पाणी. आईने ते लहानपणी बघितलं होतं.

"दुसरा कसलाबी आळ घेऊ दे," आई म्हणाली, "पाण्याचा नको. बंद कर ते फोटू."

"आता बंद केलं तर म्हणतील, विचारल्याबरोबर बंद झालं."

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग अगदी हळू म्हणाली, "खरं सांग. तू तर न्हाई ना?"

तिच्या विचारण्याला कारण होतं. आमच्या परसात भिंतीलगत लिंबोणी होती. आळीतली सगळी झाडं वाळून काटक्या झाली होती आणि आमची लिंबोणी हिरवीगार. मी तिला पाणी घालत नव्हते. मला वाटत होतं, आईच भांड्यांचं पाणी लपवून घालते. आईला वाटत होतं, मी कुठून तरी आणून घालते. आम्ही दोघी एकमेकींना बरेच दिवस मनातल्या मनात हेच विचारत होतो, आणि त्या दिवशी ते बाहेर पडलं. मी नाही म्हटलं. तीही नाही म्हणाली. तरी त्या रात्री भांड्यांचं पाणी आई कुठे ओतते, ते मी बघून घेतलं.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. अमावस्येच्या मागेपुढेच ही परसात जाते, लाल दिवा लावते, काळ्या कापडाखाली तोंड घालते. दूध घालायला आलेल्या एका बाईने शेजारणीला हळूच "भानामती" म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या दिवशी मी एकाही कॅनला नाही म्हटलं नाही.

आठवड्याने सचिवांनी मला बोलावलं. खोलीत काका होते, आणखी दोन संचालक होते. सचिव समजुतीने म्हणाले, "बाई, तुमचे ते फोटू एकदा दाखवा. म्हंजे विषय मिटंल."

मी भाचीचा लॅपटॉप आणला. वृश्चिक दाखवला, आकाशगंगेतले काळे पट्टे दाखवले, मृगातला तेजोमेघ दाखवला. एक संचालक पुढे वाकले आणि म्हणाले, "लई भारी हाय हे." काकांनी मात्र शांतपणे सगळे फोटो बघून घेतले.

"यात जमीन कुठाय?"

"काका, कॅमेरा वर असतो."

"तेच म्हणतो मी. कॅमेरा वर बघतो अन् माणूस खाली राहतो. खाली माणसानं काय केलं, ते फोटूत कसं यील?"

मी लॅपटॉप मिटला. त्यांच्या म्हणण्यात चूक काय होतं?

नंतर मी पहाटे परसात गेले तरी वर बघणं होईना. कान भिंतीकडे. मला वाटायला लागलं, काकाच हे घडवून आणतायत. आदल्या वर्षी त्यांच्या घरचा एक कॅन मी परत दिला होता, त्याचा राग असणार. मग वाटलं, टँकरवालाच अर्धा टँकर ओततो. मग वाटलं, काकीच कुणाला तरी देतात. बोल्ट फिरवायचं भान राहायचं नाही आणि फोटोत ताऱ्यांच्या वेड्यावाकड्या रेघा यायच्या. काकांनी भिंतीवर बॅटरीचा दिवा बसवला, तोंड आमच्याकडे करून. फोटो सगळे पिवळे यायला लागले.

आणि एका पहाटे काकी आल्या. हातात काठी, अंगावर घोंगडी. आमच्या परसाचं दार ढकलून सरळ आत आल्या आणि कपडे धुवायच्या दगडावर बसल्या.

"मी बसते इथं. तू तुझं कर."

"राखण करायला?"

"व्हय. खोटं कशाला बोलू."

मला राग आला, पण त्या खोटं बोलल्या नाहीत याचं बरंही वाटलं. मी माझं काम करत राहिले. त्या रोज यायला लागल्या. संध्याकाळी हौद भरला की त्या झाकणावर पिठाची रेघ ओढत, म्हणजे कुणी हात लावला तर कळावं. उजाडलं की जाऊन बघत. रेघ तशीच असायची. कुलूप तसंच. मी त्यांच्या डोळ्यांपुढून हललेली नसायची. आणि पाणी खाली गेलेलं.

तिसऱ्या की चौथ्या पहाटे त्यांनी विचारलं, "त्या पडद्यावर काय दिसतंय, बघू." मी दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग वर बघितलं, मग पुन्हा स्क्रीनकडे.

"एवढे हायेत व्हय तिथं? मग आपल्याला कावून दिसत न्हाईत?"

"डोळा थांबत नाही. कॅमेरा थांबून उजेड साठवतो."

त्यांनी घोंगडी सावरली आणि पुन्हा वर बघितलं. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या असणार की पोरगी पाणी चोरत नाही. कारण त्या दिवशी भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "तिनं तुलाबी भुलवलं!"

दुसऱ्या दिवशी काकी उजाडल्यावरही बसून राहिल्या. लिंबोणीकडे बघत होत्या. तिच्यावर मधमाश्या होत्या, आणि बुंध्यापाशी भिंतीच्या पायाला तर घोळकाच बसला होता.

"ह्या मातीला काय चाटायल्यात गं?"

आईने खुरपं आणलं. काकींनी स्वतः पाया उकरला. वीतभर खाली चिखल लागला. आम्ही तिघी वाकून बघत राहिलो. आईने बोट बुडवलं, हुंगलं आणि साडीच्या पदराला पुसलं. हौद भिंतीकडच्या बाजूला, जमिनीखाली फुटला होता. संध्याकाळी भरला की पाणी चिरेपर्यंत झिरपून जायचं आणि तिथेच थांबायचं. म्हणून तर रोज पाणी त्याच खुणेवर येऊन राहत होतं. ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण सगळे कुलपाकडे आणि माझ्याकडे बघत होते.

आईने माझ्याकडे बघितलं. मला ओरडून रडावंसं वाटलं, पण काकी समोर होत्या.

काकांनी गवंडी बोलावला, हौद रिकामा करून चीर भरली. मला वाटलं, आता एकदा तरी काही म्हणतील. म्हणाले ते सोसायटीत, सगळ्यांसमोर. "हिच्या लिंबोणीच्या मुळ्यांनी आमचा हौद फोडला." आळीला हे लगेच पटलं. म्हणजे पाणी मी चोरलं नव्हतं, माझ्या झाडाने चोरलं होतं. झाड तोडा, असा निरोप आला. आईने निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "आमी न्हाई तोडायचो. वाळायचं तर वाळंल." चैत्र सरेपर्यंत ती वाळलीच.

भिंतीवरचा दिवा काही निघाला नाही. परसातून फोटो काढणं संपलं.

माझी मावशी बीडजवळ पालीला असते, बिंदुसरेच्या धरणाशेजारी. त्या वर्षी धरणात पाणी नव्हतंच, नुसतं भेगाळलेलं गाळाचं मैदान. उत्तरेला बीडचे दिवे, पण दक्षिणेला मांजरसुंब्याच्या घाटाकडे काळोख, आणि मला हवा होता तो वृश्चिक दक्षिणेलाच असतो. आईला म्हटलं, येतेस का? ती हो म्हणाली याचंच मला नवल वाटलं. निघायच्या आदल्या दिवशी काकी आल्या. "मला बी न्या. घरी सांगितलंय, बहिणीकडं जाते."

पहाटे आम्ही तिघी धरणाच्या कोरड्या पोटात उभ्या होतो. आई घड्याळावर लाल बॅटरी धरून, काकी घोंगडी पांघरून, मी बोल्ट फिरवत. एवढ्यात बांधावरून टॉर्चचा झोत आला आणि एक राखणदार धावत खाली उतरला.

"कोन हाय? गाळ न्यायला आलात का वाळू? ट्रॅक्टर कुठं लपवलाय?"

उजेड कॅमेऱ्यावर पडला. माझा फोटो गेला. मी समजावून सांगणार, तेवढ्यात काकी पुढे झाल्या.

"टॉर्च बंद कर आधी. आमचं काम बिघडवलंस."

"तीन बायका, अंधारात, कसलं काम?"

"बस इथं अन् बघ. न्हाई पटलं तर मग पोलीस बोलाव."

त्याने टॉर्च बंद केला. पण बसला नाही. आमच्यापासून चार पावलांवर काठी रोवून उभा राहिला आणि आम्ही काय उचलतो त्यावर नजर ठेवून राहिला. आईने मला खूण केली, चालू ठेव. मी बिजागरी पुन्हा ध्रुवाकडे लावली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.