शून्याच्या पाढ्यात

अंधेरीच्या आमच्या कंपनीत आम्ही एक छोटीशी प्रोग्रॅमिंग भाषा बनवत होतो. तिचे नियम ठरवायला साहेबांनी ‘भाषा धोरण परिषद’ स्थापन केली. परिषदेत साहेब, मी आणि मुलुंडहून येणारी माझी सहकारी, एवढेच. तरी दर बैठकीत साहेब प्रास्ताविक करत.

एकदा प्रश्न निघाला: शून्याला शून्याने निःशेष भाग जातो का, असं कुणी भाषेला विचारलं, तर तिने काय करावं? संगणक बाकी पाहायला भागाकार करतो, आणि शून्याने भागता येत नाही. मी म्हटलं, असं विचारणाऱ्याचं आधीच काहीतरी चुकलेलं असतं. प्रोग्रॅम तिथेच थांबवावा.

“भागायला कोण सांगतंय तुला?” ती म्हणाली. “शून्याचा पाढा म्हण. त्यात पाच येतो का? नाही. म्हणजे पाचला भाग जात नाही. शून्य येतं का?”

“दुसरं काही येतच नाही.”

“मग हो म्हण ना, यार! साधं हो की नाही विचारलं, त्यात कोसळायचं कशाला?”

साहेबांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. आम्ही तो चहाच्या टपरीवर नेला, तिथून रिक्षाच्या रांगेत. तिचा नंबर यायचा तेव्हा वाक्य अर्धंच असायचं. मग ती मागच्या माणसाला पुढे सोडायची.

पुढे ती कॅनडाला गेली. अधूनमधून रविवारी फोन करते. तिथली थंडी, इथला उकाडा, आईचे गुडघे, सगळं झटपट उरकते आणि शून्यावर येते. टपरीवर आता मी नव्या सहकाऱ्यांबरोबर जातो. फार सभ्य माणसं. पटलं नाही तरी ‘छान मुद्दा’ म्हणतात.

गेल्या आठवड्यात परिषदेने तिचाच नियम मंजूर केला. प्रस्ताव मीच मांडला होता. तिचं मला केव्हाच पटलंय. पण तसं सांगितलं की वाद मिटला. मग ती फोन कशाला करेल? आईच्या गुडघ्यांची खबर द्यायला?

रविवारी फोन आला.

“काय रे, पटलं का?”

खरं उत्तर ओठांवर होतं.

“बरंचसं,” मी म्हटलं. “पण उणे शून्याचं काय?”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज.

“पूर्णांकांत उणे शून्य कुठून आलं, गाढवा? थांब, नीट बसते. आता ऐक.”