काटा शून्यावर आला तेव्हा

कंपनीने व्हीआरएस देऊन घरी बसवलेली माणसं रोज संध्याकाळी एकाच टपरीवर जमली की किस्से साठणारच. आमची टपरी बदलापूरला, शिरगावात. तिथले किस्से बाकीचे हसत हसत सांगतात. मला सांगताना अजून राग येतो, कारण प्रत्येक किश्शात साने असतो.

पहिला किस्सा अंबरनाथला कंपनीत असतानाचा. गायकवाड आमचा बॉयलर अटेंडंट. खंडेनवमीची पूजा तोंडावर आलेली, सगळ्यांना आवरायची घाई, आणि नेमकी बॉयलरची एक ट्यूब फुटली. गायकवाडने आग बंद केली. हळूहळू प्रेशरचा काटा शून्यावर आला, गळतीही थांबली. लगेच साने म्हणाला, "थांबली ना गळती? मग आता उघडायचं कशाला? पूजा झाली की परत पेटवू."

गायकवाडने हातमोजे काढून त्याच्या अंगावर फेकले. "अरे, काटा खाली आला म्हणून ट्यूब बरी झाली का?"

आमची पूजा झाली, पेढे वाटून झाले, तरी गायकवाड फिटरला घेऊन बॉयलरपाशीच. पुढे हा किस्सा त्याने इतक्यांदा सांगितला की आम्ही विषय बदलायला लागलो.

* * *

रिटायर झाल्यावर गायकवाडला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, ही गाठ पुरुषी हार्मोनवर पोसते. आधी काही महिने इंजेक्शन देऊन ते हार्मोन बंद पाडू. जोडीला एक नवी गोळी, नेमकी कॅन्सरच्या पेशींवरच काम करणारी. गाठ आकसली की ऑपरेशन करून काढून टाकू. गोळी अजून दुकानात मिळत नव्हती, निवडक पेशंटना देऊन बघत होते.

साने भर टपरीवर म्हणाला, "म्हणजे तुला उंदीर केलाय."

लोक हसले. माझं डोकंच फिरलं. गायकवाड बशीत चहा ओतत म्हणाला, "असेन उंदीर. पण ह्या उंदराला डॉक्टर फोन करून विचारतात, जेवलास का म्हणून. तुला घरात तरी कोण विचारतं?"

* * *

इंजेक्शनने त्याच्या अंगातून वाफा निघायच्या. ऐन थंडीत आम्ही कानटोप्या घालून बसलेलो आणि हा घामाघूम होऊन पेपरने वारा घेतोय.

"हे तर आमच्या हिला होतं," साने म्हणाला. "तू बाई झालास की काय?"

गायकवाड उठून गेला तो आठवडाभर आला नाही. साने म्हणे, गंमत केली. माणूस आतून खचलेला, आणि ह्याला गंमत सुचते.

परत आल्यावर गायकवाडने एवढंच विचारलं, "सान्या, वहिनींना कधी वारा घातलास का रे?"

* * *

मग छाती सुजली. शर्ट लागला तरी दुखायचं. सैल बनियन घ्यायला आम्ही उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं, आणि साने मोठ्याने सांगतोय, "शेठ, इनको प्रोस्टेट का कॅन्सर है, हार्मोन चालू है, छाती बढ गयी है."

गायकवाडने मान खाली घातली. सान्याला तिथून ओढत बाहेर न्यावं असं मला वाटलं. म्हाताऱ्या शेठने वरच्या फळीवरून एक बनियन काढून गायकवाडच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाला, "साईं, ये मुलायम है. मैं भी यही पहनता हूँ."

* * *

काही महिन्यांनी रिपोर्ट आला. रक्तातला पीएसए, म्हणजे ह्या आजाराचा आकडा, एकदम खाली. लघवीचा त्रासही गेलेला. आता ॲडमिट होऊन ऑपरेशन करायचं, तर साने म्हणाला, "थांबला ना त्रास? मग आता कापायचं कशाला?"

आणि गायकवाडने मान डोलावली! दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. म्हणाला, ऑपरेशन रद्द.

मी ओरडलो, भांडलो. आकडा औषधाने दाबलाय, गाठ अजून आतच आहे, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर त्याला सांगितलेलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहिला नाही तर? डायपर लावून बसू तुमच्यात? आत्ता बरं वाटतंय रे मला." मला रडू यायचं तेवढं राहिलं, आणि साने पेढा खात होता.

ॲडमिट व्हायच्या दिवशी आम्ही टपरीवर बसलेलो. समोरून विमलवहिनी आल्या, गायकवाडची बायको. टपरीवर त्या कधीच आल्या नव्हत्या. हातात कपड्यांची पिशवी.

"वहिनी, आकडा बघितलात ना?" साने म्हणाला. "आता कशाला उगाच..."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, काटा खाली आला म्हणून ट्यूब बरी झाली का?"

गायकवाडने ग्लास खाली ठेवला. मग उठून त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि रिक्षाला हात केला. रिक्षा स्टेशनकडे गेली.

साने मला विचारतो, "कुठली ट्यूब?"